झबल्याला कांजी

शेळगावात कुणाचं लग्न निघालं की तारीख धरण्याआधी दोघांना विचारावं लागे. एक भटजींना आणि दुसरं जयवंतरावांना. भटजी एक वेळ दुसरे मिळाले असते, पण माईकपुढं उभं राहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, गाव आणि पद न चुकता घेणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा नव्हता, असं निदान जयवंतरावांचं मत होतं. 'न चुकता' हे जरा जास्तच झालं. भिगवणच्या एका लग्नात त्यांनी पहिल्या रांगेत पान चघळत बसलेल्या एका माजी सरपंचांचा उल्लेख 'कैलासवासी' असा केला होता. सरपंच उठून म्हणाले, "जयवंतराव, निदान जेवून तरी जाऊ द्या की." ही गोष्ट गावात दुसऱ्या कुणी सांगण्याआधी जयवंतराव स्वतःच सांगत. आपली फजिती आपणच सांगितली तर ती नीट तरी सांगितली जाते, असं त्यांचं म्हणणं.

माणूस अंगानं बारकेला, रंगानं सावळा. शेतात ऊस, दारात दोन म्हशी. पण बाहेर पडताना पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि पांढरी टोपी, आणि तिन्हींना अशी कडक कांजी, की ते चालायला लागले की पापडाच्या डब्यात कुणी हात घातल्यासारखा आवाज यायचा. याचं मूळ शाळेत होतं. लहानपणी त्यांना सदरा एकच. आई तो धुवून वाळवायची, पितळी तांब्यात निखारे भरून त्या तांब्यानं इस्त्री करून द्यायची. एकदा मास्तरांनी त्यांना वर्गापुढं उभं केलं आणि म्हणाले, "बघा रे, असं यावं शाळेत." बस्स. त्या एका वाक्यावर जयवंतराव पुढं जन्मभर इस्त्री फिरवत राहिले. साबुदाण्याची कांजी ते स्वतः करत, इस्त्री स्वतः करत, त्यात बायकोलासुद्धा हात लावू देत नसत. फक्त धुणं तेवढं त्यांनी उभ्या आयुष्यात कधी धुतलं नव्हतं. ते काम संजीवनीचं. तिनं धुवायचं, मऊ करायचं आणि यांनी परत पत्रा करायचा, असा संसार तीस-बत्तीस वर्षं सुखानं चालला होता.

त्यांची एकुलती एक लेक सोनम. बारामतीजवळ पिंपळीला दिलेली. जावई इंद्रजित एमआयडीसीत कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सोनम सातव्या महिन्यात शेळगावला आली, तेव्हापासून जयवंतरावांना नातवंडासाठी खरेदी करायची घाई झालेली. संजीवनीनं बजावून ठेवलं होतं.

"आधी पोरगी सुखरूप सुटू द्या. त्याआधी घरात बाळाचं एक टोपडंबी आणायचं न्हाय."

"अगं, पण ऐनवेळी धावपळ..."

"धावपळ कराया तुमी हायच की."

दिवस भरले, बारामतीच्या एका दवाखान्यात सिझर झालं आणि मुलगी झाली. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दारातून दाखवलं. जयवंतरावांनी आजवर हजारो लोकांसमोर बोलताना कधी शब्द शोधला नव्हता, पण तिथं त्यांच्या तोंडून नुसतं "छकुली... छकुली" एवढंच निघालं. आणि ते नाव पुढं चिकटलंच. बाळ परत आत गेलं, संजीवनी लेकीपाशी गेली आणि मोकळे झालेले जयवंतराव सरळ कपड्यांच्या पेठेत परवेजच्या दुकानात जाऊन धडकले.

परवेजच्या वडलांपासून त्या दुकानात शेळगावचं गिऱ्हाईक. लहान मुलांचे कपडे ही त्याची खासियत.

"काढ, परवेज. नात झालीय. जे जे चांगलं हाय ते सगळं काढ."

परवेजनं पांढरी झबली काढली, टोपडी, लंगोट, दुपटी काढली. जयवंतरावांना ती फारच सपक वाटली. त्यांची नजर वर टांगलेल्या लालभडक फ्रॉकवर गेली. जाळीची झालर, चमकी, कमरेला केवढा तरी बो.

"तो काढ."

"आबा, तो वर्षाच्या पोरीचा हाय."

"माझी नात काय कायम एवढीच राहणार हाय व्हय? काढ."

सगळं बांधून देताना परवेज सहज म्हणाला, "आबा, अंगात घालायच्या आधी एकदा धुवून घ्या बरं का."

जयवंतरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "का? जुना माल हाय का?"

"न्हाय वो. नवाच हाय. पण नव्या कापडाला कांजी असती, रंग असतो, कारखान्यापासून हितंपातुर किती हात लागल्यालं असत्यात. आता हेच झबलं बघा, सकाळी एका बाईचं पोरगं ह्याच्यावर शिंकून गेलं. मोठ्या माणसाला काय होत न्हाय, पण तान्ह्या पोराची कातडी म्हंजे सायच की."

"अरं, नवं कापड धुतलं की ते जुनं झालं! मग नवं घेतलं कशाला?"

परवेज हसला. गिऱ्हाइकाशी फार वाद घालू नये, हे त्याला कळत होतं. जयवंतरावही हसले. दुकानदार असून आपल्याच मालाला नावं ठेवतो, याचा धंदा कसा चालणार, अशी काळजी करत ते दवाखान्यात आले.

सोनम कॉटवर पडली होती. जयवंतरावांनी पिशवीतून एकेक कपडा काढून असा दाखवला, जणू सत्कारमूर्तींना शाल घालतायत. लाल फ्रॉक शेवटी. सोनम कौतुकानं बघत होती, पण तिनं पहिला प्रश्न विचारला तो नेमका तोच.

"आबा, धुवून आणलीत का?"

"आता तू पण? नवीकोरी हायत पोरी. ह्या बघ घड्यासुद्धा मोडल्या न्हायत."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. नवे कपडे धुतल्याशिवाय घालायचे न्हाईत. पुरळ उठतं."

"तू झालीस तेव्हा कुणी धुतलं हुतं?"

संजीवनीनं मान वर केली. "मी धुतलं हुतं. तुमी माईकवर हुता."

खोलीतल्या दुसऱ्या कॉटवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. जयवंतरावांनी पिशवी परत भरली. संजीवनीला लेकीला सोडून हलता येत नव्हतं, विहीणबाई गुडघ्यानं अधू, इंद्रजित औषधं आणायला धावत होता. म्हणजे धुण्यासाठी माणूस एकच उरत होता. हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं आणि सगळे एकदमच त्यांच्याकडं बघायला लागले.

"तुमाला जमंल का?" संजीवनीनं विचारलं.

"त्यात काय जमायचं? पाणी, साबण आणि कपडा. माणसं चंद्रावर गेली."

"चंद्रावर धुणं असतं तर तुमी तितंबी मलाच नेलं असतं," संजीवनी म्हणाली.

शेळगावला येऊन जयवंतरावांनी बादली काढली. घरात वॉशिंग मशीन होतं, पण त्याच्यावर इतकी बटणं होती की त्यांनी त्याला दुरूनच नमस्कार केला. त्यात म्हशीच्या पेंडीनं माखलेली घोंगडी धुतलेली त्यांनी मागच्याच आठवड्यात पाहिली होती, त्यामुळं बाळाचे कपडे त्यात घालायला मन धजेना. हे मात्र त्यांना सुचलं, आणि सुचल्याबद्दल त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली. मग अंगातला सदरा काढून खुंटीला नीट लावला, बनियन आणि पायजम्यावर दगडापाशी बसले.

शेजारच्या ओट्यावर त्यांची चुलती दगडाबाई बसली होती. ऐंशीच्या घरातली, नजर तीक्ष्ण, कान त्याहून तीक्ष्ण. पुतण्याला धुण्याच्या दगडापाशी बघून तिनं चष्मा पुसून परत लावला.

"जयवंता, तुझी बायको बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. नातीचं कपडं धुतोय."

"एवढ्यात घाण केली?"

"न्हाय गं, नवी हायत."

"नवी हायत तर धुतूयास कशाला?"

"डॉक्टरीण म्हणती धुवा."

दगडाबाईनं मान हलवली. "नवं कापड पोराच्या अंगाला लावायचंच न्हाय मुळी. बारशापातुर जुन्यातच ठेवायचं. जुनं लुगडं, जुनं धोतर, धू-धू धुतल्यालं. माझी समदी पोरं जुन्यातच वाढली."

आता जयवंतराव पेचात पडले. दुकानदार म्हणतो नवं धुवा, डॉक्टरीण म्हणते नवं धुवा, चुलती म्हणते नवं घालूच नका, आणि नवं तसंच घालायचं म्हणणारे उभ्या जगात ते एकटेच उरले होते. मतदानात असं झालं असतं तर अनामत जप्त झाली असती. त्यांनी मुकाट्यानं सगळे कपडे एकाच बादलीत कोंबले आणि वर पावडर ओतली. बोअरच्या खारट पाण्याला फेस येईना, म्हणून आणखी ओतली. तरी येईना, म्हणून पुडाच उपडा केला.

मग फेस आला. आला तो असा की बादलीतून उतून दगडावर, दगडावरून मोरीत, मोरीतून अंगणात. कोंबड्या लांब पळाल्या. जयवंतराव पाणी ओतत गेले तसा फेस वाढत गेला. हंड्यामागून हंडे झाले तरी झबलं पिळलं की बोटांतून बुडबुडे निघायचेच. दगडाबाई ओट्यावरून बघत होती आणि अधूनमधून नुसती "हं" म्हणत होती. त्या "हं"मध्ये किती शिव्या होत्या, हे पुतण्याला कळत होतं.

कसंतरी सगळं विसळून झालं आणि त्यांनी पहिलं झबलं उलगडलं. ते गुलाबी होतं. दुसरंही गुलाबी. टोपडी, लंगोट, दुपटी, सगळी गुलाबी. लाल फ्रॉकनं आपला रंग मोठ्या मनानं सगळ्यांना वाटून दिला होता. दुकानात 'रंग असतो' म्हणणारा परवेज त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. हा रंग छकुलीच्या अंगाला लागला असता, हे ध्यानात आलं तेव्हा ते क्षणभर तसेच उकिडवे बसून राहिले. पण हार मानतील ते जयवंतराव कसले? "पोरीला गुलाबीच शोभतो," असं मोठ्यानं, चुलतीला ऐकू जाईल असं म्हणून त्यांनी कपडे तारेवर टाकले.

आणि तेवढ्यात शेजारच्या रानात तोडणी झालेल्या उसाचं पाचट कुणीतरी पेटवलं. वारा नेमका घराकडं. काळी जळकी पाती तरंगत तरंगत आली आणि ओल्या गुलाबी कपड्यांवर निवांत बसली. जयवंतरावांनी एक काजळी चिमटीनं उचलायला बघितली, ती बोटभर लांब फासली गेली. मग ते टोपीनंच कपडे झटकायला लागले, तर टोपीही काळी झाली.

"जयवंता," दगडाबाई म्हणाली, "आता ह्यातलं नवं काय राहिलंय सांग बघू. आता खुशाल घाल पोरीला."

त्यांनी सगळं परत धुतलं. या खेपेला फ्रॉक वेगळा, पावडर चिमूटभर आणि पाणी टाकीतलं गोडं. आणि वाळत घातलं घरात, पंख्याखाली. काम इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेली झबली हातात घेतली आणि त्यांचं मन खट्टू झालं. ती अगदी लुळी पडली होती. कॉलर नाही, ताठा नाही. फडक्यासारखी. असे कपडे घेऊन बारामतीच्या दवाखान्यात जायचं? विहीणबाई काय म्हणतील? जयवंतरावांची नात आणि असल्या चुरगळलेल्या अवतारात?

त्यांनी साबुदाणा भिजवला. आयुष्यात एवढं एकच काम त्यांना खरोखर येत होतं, आणि ते त्यांनी जीव ओतून केलं. कांजी गाळून घेतली, त्यात निळीचा थेंब सोडला, एकेक झबलं बुडवून हलक्या हातानं पिळलं, अर्धवट ओलं असतानाच इस्त्रीखाली घेतलं. एवढ्या चिमुकल्या बाहीतून इस्त्रीचं टोक जाईना, तर बाहीत चमच्याचा दांडा घालून कड सरळ केली. लंगोटसुद्धा त्यांनी असा इस्त्री केला, की त्याच्या तिन्ही टोकांनी कागद कापता आला असता. सगळी चळत पिशवीत उभी भरली, मोटारसायकलला लावली आणि वाऱ्यानं घडी मोडू नये म्हणून बारामतीपर्यंत गाडी बैलगाडीच्या वेगानं नेली.

दवाखान्याच्या खोलीत सगळेच होते. सोनम उशाला टेकून बसली होती, विहीणबाई खुर्चीत, इंद्रजित दारापाशी, आणि बाळ संजीवनीच्या मांडीवर. जयवंतरावांनी पिशवी संजीवनीच्या हातात दिली आणि टाळ्यांची वाट बघणाऱ्या वक्त्यासारखे मागं हात बांधून उभे राहिले.

संजीवनीनं एका हातानं वरचं झबलं काढलं. ते हातात आडवं राहिलं. घडी सोडली तरी वाकेना. तिनं ते शेजारच्या टेबलावर ठेवलं, तर ते दोन्ही बाह्या पसरून, गळा वर करून उभंच राहिलं. आत कुणी नसताना.

संजीवनीनं आधी झबल्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. मग संजीवनीनं विचारलं, "ह्याला... कांजी केली?"

"थोडीशीच."

"अवं, कांजी काढायला धुवायला सांगितलं हुतं ना तुमाला!"

विहीणबाईंनी झबल्यावर बोटानं टिचकी मारली. टक् असा आवाज झाला. "हे पोरीला घालायचंय का पोरीला ह्यात ठिवायचंय, व्याही?"

आणि मग बांध फुटला. इंद्रजित भिंतीकडं तोंड करून गदगदत होता. सोनम दोन्ही हातांनी पोट दाबून धरत होती. "आबा, नका ना... टाके दुखत्यात... ते झबलं आधी खाली बसवा हो कुणीतरी!" नर्स आवाज ऐकून रागवायला आली आणि टेबलावरचं ते उभं झबलं बघून तीही दारातच हसत सुटली. जयवंतरावांनी आधी थोडा वेळ प्रतिष्ठा सांभाळून बघितली. मग त्यांना शाळेतले ते मास्तर आठवले, आणि हे झबलं वर्गापुढं उभं करून 'बघा रे, असं यावं' म्हणणारा आपला चेहरा दिसला, आणि तेही खुर्ची धरून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. "मग कालपासून पोरीला घातलंय तरी काय?"

संजीवनीनं दुपटं बाजूला केलं. छकुलीच्या अंगात पांढरं, विटकं, बिनकाजाबटणाचं झबलं होतं. हातशिलाईचं.

"तुमचा जुना सदरा. खांद्यावर विरला म्हणून तुमी टाकला न्हवता का? मी ठिवला हुता. वर्षभर धुतला, कांजी समदी गेल्यावर कापड असलं मऊ झालं म्हणता! चार झबली झाली त्यात."

"बाळाचं टोपडंबी आणायचं न्हाय म्हणालीस ना?"

"आणलं कुठं? घरातच हुतं."

जयवंतरावांनी त्या झबल्याच्या कडेला बोट लावलं. आपण आजवर अंगात काय घालत होतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. एवढं मऊ कापड, आणि आपण त्याला कधी मऊ होऊच दिलं नव्हतं. त्यांना एकदम नातीला घ्यावंसं वाटलं. "दे इकडं," म्हणून त्यांनी हात पुढं केले. संजीवनीनं बाळाचं डोकं नीट त्यांच्या दंडावर ठेवून दिलं. छकुलीनं मान वळवली, गाल आजोबांच्या छातीला लावला आणि ओठ काढून असा टाहो फोडला, की अख्ख्या मजल्याला ऐकू जावा. परत आईकडं दिली तेव्हा तिच्या गालावर सदऱ्याच्या पट्टीची लाल रेघ उमटली होती.

ती रेघ काही वेळात गेली, पण जयवंतरावांची नजर परत परत आपल्या सदऱ्याच्या पट्टीकडं जात राहिली. चहा आला तो त्यांनी उभ्याउभ्याच घेतला. निघताना लेकीला नुसतं म्हणाले, "उद्या येतो," आणि झबल्यांची चळत परत पिशवीत घातली.

घरी येऊन त्यांनी ती सगळी गरम पाण्यात बुडवून ठेवली. कांजी निघायला खूप वेळ लागला. घालणाऱ्यानंच इतकी मन लावून घातलेली. चुलती ओट्यावर होतीच. या खेपेला जयवंतरावांनीच हाक मारली.

"काकी, मऊ कसं करायचं सांग."

दगडाबाई काठी टेकत आली, दगडाशेजारी पाट घेऊन बसली आणि पुतण्याला पिळायचं कसं, न आपटता चोळायचं कसं, वाळत घालताना झटका कसा द्यायचा, ते शिकवलं. शिकवताना तिनं त्याच्या बापालाही नावं ठेवली, कारण बापानंही कधी धुणं धुतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जयवंतराव दवाखान्यात गेले तेव्हा त्यांच्या अंगात कांजी नसलेला सदरा होता. इंद्रजितनं त्यांना दारात ओळखलंच नाही. "मामा, बरं वाटत न्हाई का?" त्यानं काळजीनं विचारलं.

लेक-नात घरी आल्या. छकुलीचे कपडे धुवायचं काम कुणी न सांगताच जयवंतरावांकडं आलं. पारावरची माणसं मुद्दाम घरावरून चक्कर मारायला लागली. एक जण म्हणाला, "जयवंतराव, आमच्याबी घरची चार कापडं टाका की." जयवंतराव लंगोट पिळत म्हणाले, "आधी पोरगं होऊ द्या, मग टाकतो." बारशाला झबली धुऊन धुऊन इतकी विटली होती, की पुण्याहून आलेल्या मावशीनं सोनमला हळूच विचारलं, "परिस्थिती बरी आहे ना गं?" सोनमनं बापाकडं बघितलं. जयवंतराव आलेल्या पाहुण्यांना एकेक करून झबल्यावरून हात फिरवायला लावत होते.

नवा मुल्ला बांग जास्त देतो, तसं पुढं व्हायचंच होतं. कुठंही तान्हं बाळ दिसलं की ते आईला विचारत, "धुतलंय ना?" परवेजच्या दुकानात बसून ते त्याच्या गिऱ्हाइकांना धुण्याची रीत सांगायला लागले, तेव्हा परवेजनं हात जोडले. "आबा, मी एक वाक्य सांगतो आणि विकतो. तुमी एवढं सांगताय की गिऱ्हाईक जुन्या धोतराची चौकशी करून घरी चाललंय." आणि शेळगाव फाट्याजवळच्या एका लग्नात तर कहरच झाला. वधूवरांना शुभेच्छा देता देता जयवंतरावांची गाडी घसरली. "...आणि यथावकाश घरात पाळणा हलला, तर मंडळी, नवं कापड तसंच घालू नका. एकदा स्वच्छ पाण्यात, रंगीत वेगळं, पांढरं वेगळं..." अक्षता हातात धरून मांडव ताटकळला. नवरी लाजून लाल झाली. भटजींनी शेवटी मुहूर्त टळतोय म्हणून माईकची पिनच काढली. हीसुद्धा फजिती त्या दिवशी संध्याकाळी जयवंतरावांनीच पारावर जाऊन सांगितली, भटजींच्या आवाजासकट.

उन्हाळा लागला तशी सोनम बाळाला घेऊन पिंपळीला सासरी गेली. जयवंतरावांना करमेना. चार दिवस कसे तरी काढून ते पिंपळीला पोचले. विहीणबाईंनी पाणी दिलं, सोनमनं छकुली आणून त्यांच्या मांडीवर दिली. आता ती ओळखायची, हुंकार द्यायची. मान आजोबांच्या छातीवर टाकली आणि मूठ सदऱ्यात रुतवून झोपून गेली.

थोड्या वेळानं जयवंतरावांना सदरा गरम लागायला लागला. मग पायजमाही.

"अगं बाई," विहीणबाई उठल्या. "लंगोट न्हाई का लावला, सोनम? द्या व्याही तिला इकडं. इंद्रजितचा धुतल्याला सदरा देते, कडक इस्त्रीचा हाय."

"बसा, बसा," जयवंतराव कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"अवं, पण समदं भिजलं की."

"भिजू द्या. वाळंल."

ते हलले नाहीत. दुपारचं जेवण निवलं, विहीणबाईंनी ताट झाकून ठेवलं, इंद्रजित कामावरून आला आणि सासऱ्यांची ती अवस्था बघून पायातले बूट हातात घेऊन आत गेला. छकुली मात्र तोंड अर्धवट उघडं टाकून झोपली होती, आणि पंख्याच्या वाऱ्यानं आजोबांचा सदरा तिच्या मुठीभोवती हळूहळू वाळत होता.